"बच्चा है, भूल जाएगा": बालपणातला आघात मुलांच्या वाढीवर काय परिणाम करतो?

घणसोली गावातल्या एका चाळीतला दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. अब्बू रबाळे एमआयडीसीत कंत्राटी कामावर होते. एके रात्री ठाणे-बेलापूर रस्त्यावर अपघात झाला आणि ते परत आले नाहीत. जनाजा झाला, दुआ झाली, नातेवाईक आले आणि गेले. अम्मी इद्दतीत बसली. भाडं परवडेना म्हणून मामूंनी खोली बदलून दिली, त्यासोबत शाळाही बदलली. त्या सगळ्या दिवसांत मुलगा रडला नाही. "बघा किती समजूतदार आहे," असं सगळे म्हणाले. सहा महिन्यांनी तक्रारी सुरू झाल्या. शाळेत मारामारी करतो, मकतबमध्ये सबक लक्षात राहत नाही, रात्री अंथरूण ओलं करतो. मग तेच सगळे म्हणू लागले, "बाप नाही ना, बिघडला."

हा मुलगा कोणी एक नाही, उदाहरणासाठी घेतलेला आहे. पण असं घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. अशा वेळी आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "बच्चा है, भूल जाएगा." हे वाक्य चुकीचं का आहे, मुलाच्या मनावर आणि शरीरावर नेमकं काय घडतं, आणि घरचे, शाळा, मकतब, मोहल्ला काय करू शकतात, याची माहिती आम्ही या लेखात एकत्र देत आहोत. मूल विसरत नाही, पण ते सावरू शकतं. सावरण्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात. एक भरवशाचा मोठा माणूस आणि वेळेवर मिळालेली मदत.

आघात कशाला म्हणायचं?

प्रत्येक ताण वाईट नसतो. परीक्षेची भीती, पहिल्या रोजाची भूक, नव्या वर्गातला पहिला दिवस, यातून मूल काही शिकतं. दुसऱ्या प्रकारचा ताण मोठा असतो, म्हणजे आजी जाणं, ऑपरेशन, घर बदलणं. जवळ मायेचं माणूस असेल तर मूल तोही पेलतं. तिसरा प्रकार घातक आहे. यात भीती मोठी असते, पुन्हा पुन्हा येते किंवा खूप दिवस टिकते, आणि मुलाला धीर देणारं कोणी नसतं. बालविकासाचे तज्ज्ञ यालाच विषारी ताण म्हणतात.

घरातली मारहाण, अम्मीला मार खाताना पाहणं, दारू किंवा नशेचं घर, लैंगिक अत्याचार, सतत अपमान, उपासमार आणि दुर्लक्ष, आईबापाचा मृत्यू किंवा तुरुंगवास, तलाकनंतरची ओढाताण, दंगल, आग, पूर, अपघात, ही सगळी आघाताची कारणं आहेत. एकाच घटनेने प्रत्येक मुलाला सारखीच इजा होत नाही. मुलाचं वय, घटना किती वेळा घडली आणि नंतर त्याच्याजवळ कोण होतं, यावर बरंच अवलंबून असतं.

या विषयातला सर्वात गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी सॅन दिएगोमध्ये १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. १९९८ साली पहिला अहवाल आला. सुमारे दोनतृतीयांश लोकांनी बालपणी किमान एक कटू अनुभव आल्याचं सांगितलं. ज्यांना चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव आले होते, त्यांच्यात नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त होतं. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार यांच्याशीही संबंध दिसला. हे लोक बहुतेक नोकरदार मध्यमवर्गीय होते. म्हणजे हा फक्त गरिबाघरचा प्रश्न नाही.

मात्र हा आकडा म्हणजे मुलाचं नशीब नव्हे. तो धोका सांगतो, भविष्य ठरवत नाही.

मुलाच्या शरीरात काय घडतं?

धोका दिसला की मेंदू शरीराला सावध करतो. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, ताणाचं संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल वाढतं. धोका टळला की शरीर शांत होतं. अल्लाहने माणसाला दिलेली ही संरक्षणाची व्यवस्था आहे.

पण ज्या घरात रोज रात्री दार वाजलं की मूल घाबरतं, तिथे ही घंटा बंदच होत नाही. मेंदूतला भीती ओळखणारा भाग जास्त जागा राहतो. स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या आणि विचार करून वागायला लावणाऱ्या भागांवर ताण येतो. विचार आणि संयम सांभाळणारा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून असं मूल वर्गात बसलेलं असलं तरी त्याचं लक्ष दाराकडे असतं. मागून कोणी हात ठेवला तर ते दचकून ठोसा मारतं. पाढे पाठ होत नाहीत, ते मूल मठ्ठ आहे म्हणून नव्हे. ज्या डोक्याला सतत पहारा द्यावा लागतो, त्याला पाढ्यांसाठी जागा उरत नाही.

वयाप्रमाणे खुणा बदलतात

पाच वर्षांच्या आतलं मूल शब्दांत सांगू शकत नाही. ते आईला सोडत नाही, रात्री ओरडून उठतं, बोलायला लागलेलं असेल तर गप्प होतं, कपड्यात शू करू लागतं. घडलेली घटना खेळात पुन्हा पुन्हा दाखवतं.

सहा ते अकरा वर्षांच्या मुलांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, डॉक्टरांना काहीच सापडत नाही. शाळेत जायचं नाही म्हणतात. अभ्यासात अचानक मागे पडतात. पुष्कळ मुलांना वाटतं की जे झालं ते आपल्यामुळेच झालं. "मी अब्बूंशी भांडलो होतो, म्हणून ते गेले." हा विचार मूल कोणाला सांगत नाही, मोठ्यांनी तो ओळखायचा असतो.

बारा ते अठरा वर्षांत राग, घरातून पळणं, गुटखा, नशा, धोकादायक गाडी चालवणं, स्वतःला इजा करणं, किंवा उलट पूर्ण सुन्न होणं दिसतं. मुलींच्या बाबतीत एक मोठी चूक होते. गप्प बसणाऱ्या मुलीला आपण शहाणी म्हणतो. मारामारी करणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष तरी जातं, गप्प मुलगी तशीच राहून जाते.

मोठ्या घटनेनंतर पहिले काही आठवडे यातल्या बऱ्याच गोष्टी दिसणं स्वाभाविक आहे. महिन्यानंतरही त्या टिकल्या किंवा वाढल्या, तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा, यासाठी मात्र एक दिवसही थांबू नये.

महाराष्ट्राने हे पाहिलेलं आहे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांतली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार लोक गेले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुलं पुण्याला आणली आणि वाघोलीत त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. यात एक धडा आहे. कपडे आणि धान्य पहिल्या आठवड्यात सगळेच देतात. मुलाला लागतं ते वर्षानुवर्षं टिकणारं. ठरलेली शाळा, ठरलेलं जेवण, तीच ओळखीची माणसं.

त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० लोक मृत्युमुखी पडले, त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. मार्चमधल्या बॉम्बस्फोटांत २५७ जीव गेले. त्यानंतर अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंबईतली घरं सोडली. पारसिकच्या डोंगरापलीकडचं मुंब्रा त्या वर्षांत झपाट्याने वाढलं, ते यामुळेही. मोठ्यांनी घर, रोजगार, कागदपत्रं यांची लढाई लढली. मुलांना काय वाटतंय हे विचारायला कोणाला उसंत नव्हती. तेव्हा आठ वर्षांची असलेली मुलं आज चाळिशीत आहेत आणि स्वतः आईबाप आहेत. मुलगा दहा मिनिटं उशिरा आला तर ज्यांचा जीव कासावीस होतो, मिरवणुकीचा आवाज आला की जे आधी खिडक्या लावतात, त्यांतल्या काहींची भीती तिथून आलेली असू शकते. मूल ही भीती आपल्या चेहऱ्यावर वाचतं. म्हणून आधी आपण आपल्याच जखमेला नाव द्यावं, तीही मदतच आहे.

मग कोविड आला. कित्येक मुलांनी आईबापाचा चेहराही शेवटचा पाहिला नाही. दफनाला चार माणसं, घरात विलगीकरण, ना गळ्यात पडून रडणं, ना भेटायला येणारी माणसं. दुःख वाटून घेण्याचे आपले रिवाज मुलांनाही आधार देतात. त्या काळात तोही आधार तुटला होता.

मुलं कशामुळे सावरतात?

हवाई बेटांपैकी काउआई इथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं समर्थ, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट ठळक दिसली. प्रत्येकाच्या आयुष्यात किमान एक मोठं माणूस असं होतं ज्याने त्याला सोडलं नाही. ते आईबापच होते असं नाही. कुणाची आजी होती, कुणाची मावशी, कुणाचे शिक्षक.

रोमानियात बुखारेस्टला २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ लहान मुलं होती. त्यांतल्या काहींना चिठ्ठी टाकून निवडून कुटुंबांत ठेवलं गेलं. ती मुलं संस्थेतल्या मुलांपेक्षा बरीच सावरली, आणि जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांना सर्वात जास्त फायदा झाला. लवकर मिळालेली माया जास्त काम करते, पण उशिरा मिळालेलीही वाया जात नाही.

आपल्याला हे नवीन वाटू नये. हजरत मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या जन्माआधीच वडील हजरत अब्दुल्लाह यांचं निधन झालं. सहाव्या वर्षी आई हजरत आमिना गेल्या, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब. त्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी हात धरला. हजरत हलीमा, उम्मे ऐमन, आजोबा, मग चाचा अबू तालिब. अनाथाशी कठोरपणे वागू नये ही ताकीद कुरआनात आहे, आणि त्यात फक्त पैशांची मदत येत नाही. वागणूकही येते. यतीम मुलाला ईदला कपडे देणारे हात पुष्कळ आहेत. आठवड्यातून एकदा त्याच्याशी बसून बोलणारे कमी आहेत.

घरात आजपासून काय करता येईल?

दिनक्रम सांभाळा. जेवण, झोप, शाळा, नमाज यांच्या वेळा ठरलेल्या असल्या की मुलाला जग पुन्हा भरवशाचं वाटू लागतं. शक्य असेल तर पहिल्या वर्षात शाळा बदलू नका. अकरा महिन्यांच्या भाडेकरारामुळे खोली बदलावी लागली, तरी जुन्या शाळेत जाता येईल अशी जागा शोधा.

खरं सांगा, वयाला झेपेल तेवढं. "अब्बू गावाला गेलेत" असं सांगू नका. मूल वाट पाहत राहतं आणि खरं कळल्यावर तुमच्यावरचाही विश्वास उडतो.

"मर्द रोते नहीं" हे वाक्य घरातून काढून टाका. रडू द्या. मात्र जबरदस्तीने बोलायलाही लावू नका. मूल भाजी निवडताना, चालताना, चित्र काढताना आपसूक बोलतं. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि ऐका.

"तुझी चूक नाही" हे एकदा सांगून पुरत नाही. अनेकदा सांगा.

"तुला काय झालंय तरी काय?" असं ओरडण्याऐवजी "तुझ्यासोबत काय झालं?" असं विचारा.

अंथरूण ओलं केल्याबद्दल लाजवू नका. सर्वांसमोर तर मुळीच नाही.

दुआ पढा, जरूर पढा. पण रात्री ओरडून उठणाऱ्या मुलाला महिनोन्महिने फक्त नजर किंवा जिन म्हणून आमिलांकडे फिरवत राहिलं, तर उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. दुआ आणि दवा एकमेकांच्या आड येत नाहीत.

आणि अम्मीकडे लक्ष द्या. इद्दतीत बसलेली, स्वतः कोसळलेली आई एकटी मुलाला सावरू शकत नाही. खाला, फूफी, मामू, शेजारीण यांनी मूल थोडा वेळ आपल्याकडे घेणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

मार, शिस्त आणि मकतब

इथे आपल्याला स्वतःकडे बघावं लागेल. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये महाराष्ट्रासह तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मारहाण सोसल्याचं सांगितलं. ज्यांना घरात मार बसला होता, त्यांच्यातल्या बहुसंख्य मुलांना मारणारे आईबापच होते. म्हणजे हा प्रश्न कोणा एका जमातीचा नाही, पण आपणही त्यातून सुटलेलो नाही.

शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई आहे. मदरसे या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. पण ताब्यातल्या मुलाला मारहाण किंवा क्रूर वागणूक हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार गुन्हा आहे, मग ती व्यक्ती कोणीही असो. आमचं उस्ताद मंडळींना अदबीने सांगणं आहे, सबक विसरणाऱ्या मुलाला छडी दाखवण्याआधी एकदा त्याच्या घरची चौकशी करा. मशीद किंवा मकतबच्या ट्रस्टने "इथे मारलं जात नाही" असा नियम लिहून लावला, तर पालकांचा विश्वास वाढेलच.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर

त्याच २००७ च्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगेही मोठ्या संख्येने होते. अत्याचार करणारा बऱ्याचदा ओळखीचाच असतो. "खानदान की इज्जत" म्हणून गप्प बसलं की मुलाला एकच गोष्ट कळते, की त्याच्यापेक्षा त्या माणसाची अब्रू मोठी आहे. ही दुसरी जखम पहिलीपेक्षा खोल जाऊ शकते.

पॉक्सो कायदा, २०१२ मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, वर्दीशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. मुलाची ओळख माध्यमांत छापता येत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव, फोटो फिरवणंही थांबवा.

मदत कुठे मिळते?

१०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. तिची सुरुवात १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून झाली होती. मूल स्वतः किंवा कोणीही मोठा माणूस फोन करू शकतो.

१४४१६ ही टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मानसिक त्रासासाठी चोवीस तास, मोफत, मराठी आणि हिंदीत बोलता येतं. तातडीच्या धोक्यात ११२ लावा.

घणसोलीतल्या कुटुंबांनी आधी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात विचारावं, तिथून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. ऐरोली आणि वाशीला महापालिकेची रुग्णालयं आहेत. घणसोली स्टेशनवरून लोकलने ठाण्याला गेलं की तिथे प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. नावाला घाबरू नका, तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परतता येतं.

उपचार म्हणजे झोपेच्या गोळ्या असा एक गैरसमज आहे. मुलांच्या आघातावर मुख्य उपचार बोलण्याचा, खेळाचा आणि चित्रांचा असतो. आघातावर केंद्रित समुपदेशनाची एक पद्धत साधारण बारा ते सोळा भेटींत चालते, त्यात आईलाही सोबत घेतात. औषध लागलंच तर डॉक्टर ठरवतात.

पैशांच्या अडचणीसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आईबाप दोघं किंवा एक गेलेल्या आणि संकटातल्या मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा असतो. घणसोलीसाठी हा जिल्हा ठाणे. फॉर्म भरणं, मृत्यूचा दाखला काढणं, बँक खातं उघडणं, यासाठी शिकलेल्या तरुणांनी अशा घरांना दोन तास दिले तरी ती खिदमत आहे.

पुन्हा त्या मुलाकडे

सुरुवातीच्या त्या मुलाला समजा मकतबमधल्या उस्तादांनी एक दिवस छडी बाजूला ठेवून विचारलं, "बेटा, अब्बूंची आठवण येते का?" समजा चाचांनी दर जुम्याला त्याला सोबत नमाजला न्यायचं ठरवलं आणि एकही जुमा चुकवला नाही. समजा वर्गशिक्षिकेने त्याला दारासमोरच्या बाकावर बसवलं, म्हणजे कोण आलं ते त्याला दिसेल. समजा अम्मीने १४४१६ ला फोन केला. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. मूल एका दिवसात बदलणार नाही. पण आपल्याला कोणी सोडलेलं नाही, हे त्याला कळेल, आणि सावरण्याची सुरुवात तिथून होते.

तुमच्या गल्लीत असं एखादं मूल असेल. त्याचं नाव आम्हाला कळवू नका, कोणालाच सांगू नका. फक्त या आठवड्यात त्याच्याशी एकदा बोला, आणि पुढच्या आठवड्यातही बोला.